हार्वर्ड प्रौढ विकास अभ्यास

हार्वर्ड प्रौढ विकास अभ्यास हा माणसाच्या प्रौढ आयुष्याचा मागोवा घेणाऱ्या, जगातील सर्वांत प्रदीर्घ काळ चाललेल्या अभ्यासांपैकी एक आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ मध्ये त्याचा प्रारंभ झाला. सुस्थितीतील विद्यार्थी आणि बॉस्टन शहराच्या गरीब वस्त्यांतील मुले अशा दोन वेगवेगळ्या गटांतील एकूण ७२४ पुरुषांच्या आयुष्याची नोंद त्यात तारुण्यापासून वार्धक्यापर्यंत ठेवण्यात आली. पुढे त्यांच्या पत्नी आणि मुलेही अभ्यासात सहभागी झाली.

आप्त, मित्र, जोडीदार आणि समाज यांच्याशी असलेले जिव्हाळ्याचे संबंध माणसाच्या सुखाशी, आरोग्याशी आणि दीर्घायुष्याशी निगडित असतात, हा या अभ्यासाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला निष्कर्ष होय. अभ्यासाचा आरंभ मात्र या प्रश्नापासून झाला नव्हता. प्रारंभीच्या संशोधकांचे लक्ष शरीराची ठेवण, अनुवंश आणि बुद्धिमत्ता यांच्याकडे होते. नातेसंबंधांचे महत्त्व अनेक दशकांच्या नोंदी साठल्यानंतर हळूहळू स्पष्ट झाले.

पार्श्वभूमी

वैद्यकशास्त्र आजारी माणसाचा अभ्यास करते. निरोगी माणूस निरोगी कसा राहतो, याकडे मात्र त्याचे फारसे लक्ष नसते, असे हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थी-आरोग्य विभागाचे प्रमुख डॉ. आर्ली बॉक यांचे मत होते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी सुदृढ तरुणांच्या दीर्घकालीन निरीक्षणाची योजना आखली. स्वस्त वस्तूंच्या दुकानांची साखळी चालवणारे उद्योजक विल्यम टी. ग्रँट यांनी तिला अर्थसाहाय्य दिले. त्यामुळे अभ्यासाचा हा पहिला भाग ‘ग्रँट अभ्यास’ या नावाने ओळखला जाऊ लागला.

अशा प्रकारच्या संशोधनाला अनुदैर्घ्य अभ्यास म्हणतात. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना एकाच वेळी प्रश्न विचारण्याऐवजी त्याच माणसांची ठरावीक काळाने पुनःपुन्हा पाहणी करणे, हे त्याचे वैशिष्ट्य होय. सत्तरीतील माणसाला त्याच्या तरुणपणाविषयी विचारले, तर त्याचे उत्तर स्मरणशक्तीवर आणि आजच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. तरुणपणीच केलेली नोंद हाती असेल, तर आठवण आणि वस्तुस्थिती यांची तुलना करता येते. महाराष्ट्रात पुण्याजवळच्या गावांमध्ये १९९३ पासून सुरू असलेला पुणे माता-पोषण अभ्यास याच पद्धतीचा आहे. त्याचा विषय मात्र मातेचे पोषण आणि अपत्याचे पुढील आरोग्य हा आहे.

ग्रँट गट

ग्रँट अभ्यासासाठी हार्वर्ड महाविद्यालयातील २६८ विद्यार्थ्यांची निवड करण्यात आली. १९३९ ते १९४४ या काळात पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तुकड्यांतील हे विद्यार्थी शारीरिक आणि मानसिक दृष्ट्या निरोगी व अभ्यासात समाधानकारक प्रगती असलेले होते. त्या काळी हे महाविद्यालय केवळ पुरुषांसाठी होते. गटातील सर्व विद्यार्थी गौरवर्णीय होते.

निवड झालेल्या विद्यार्थ्यांची सविस्तर वैद्यकीय तपासणी झाली. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांच्याशी अनेकदा दीर्घ संभाषणे केली. ल्युइस ग्रेगरी या समाजसेविकेने देशभर प्रवास करून त्यांच्या पालकांच्या भेटी घेतल्या आणि प्रत्येकाच्या बालपणाची माहिती नोंदवून ठेवली. त्या काळच्या शास्त्रीय समजुतींनुसार विद्यार्थ्यांच्या शरीराची आणि कवटीची मापे घेण्यात आली, त्यांच्या हस्ताक्षराचेही परीक्षण झाले. शरीराच्या ठेवणीवरून स्वभाव आणि कर्तृत्व ओळखता येईल, अशी तेव्हा अनेकांची अपेक्षा होती.

या अपेक्षेची एक परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. गटातील बहुसंख्य तरुण सैन्यात दाखल झाले. युद्धाच्या अखेरीस त्यांनी मिळवलेल्या हुद्द्यांचा शरीराच्या ठेवणीशी, बुद्धिमत्तेशी किंवा पालकांच्या सामाजिक प्रतिष्ठेशी संबंध आढळला नाही. घरातील एकोपा, आईशी आणि भावंडांशी असलेला जिव्हाळा यांच्याशी मात्र तो आढळला. समाजसेविकेने पालकांच्या बैठकीच्या खोलीत बसून टिपलेली माहिती कवटीच्या मापांपेक्षा अधिक उपयोगी ठरली.

सहभागी व्यक्तींची नावे गोपनीय ठेवण्यात येतात. तथापि अमेरिकेचे ३५ वे राष्ट्राध्यक्ष जॉन एफ. केनेडी आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या वृत्तपत्राचे संपादक बेन ब्रॅडली हे या गटात होते, ही बाब पुढे सर्वज्ञात झाली.

ग्लूक गट

साधारण त्याच सुमारास हार्वर्डच्या विधी महाविद्यालयातील शेल्डन ग्लूक आणि एलेनॉर ग्लूक या दांपत्याने बालगुन्हेगारीच्या कारणांचा स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. त्यांनी बॉस्टन परिसरातील ५०० बालगुन्हेगार आणि तशाच परिस्थितीत वाढलेली, पण गुन्हेगारीकडे न वळलेली ५०० मुले यांची तुलना केली. या संशोधनावरील त्यांचा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला.

गुन्हेगारीकडे न वळलेल्या मुलांपैकी ४५६ जणांचा पाठपुरावा पुढेही चालू राहिला. यांतील अनेक कुटुंबे दुसऱ्या देशांतून आलेली होती. बहुतेकांची घरे दाटीवाटीच्या इमारतींत होती आणि कित्येक घरांत गरम व थंड पाण्याचे नळही नव्हते. या मुलांच्या मुलाखती १४, २५, ३२ आणि ४७ या वयांत घेण्यात आल्या.

एकत्रीकरण आणि संचालक

अभ्यासाचे पहिले संचालक डॉ. क्लार्क हीथ होते. १९५४ मध्ये त्यांच्यानंतर चार्ल्स मॅकआर्थर यांनी सूत्रे घेतली. युद्धोत्तर काळात निधीची वारंवार चणचण भासली. ग्रँट यांच्या संस्थेचे साहाय्य थांबल्यावर काही काळ तंबाखू उद्योगाकडूनही पैसा घेण्यात आला आणि त्या वर्षांतील प्रश्नावल्यांमध्ये धूम्रपानाविषयीचे प्रश्न समाविष्ट झाले. नंतरच्या काळात प्रामुख्याने अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थांनी खर्चाचा भार उचलला.

१९७२ मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. जॉर्ज व्हॅलियंट संचालक झाले. तीन दशकांहून अधिक काळ त्यांनी अभ्यासाची धुरा वाहिली. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील गटाचा पाठपुरावा त्यांनी ग्रँट गटाच्या बरोबरीने सुरू केला आणि दोन भिन्न सामाजिक स्तरांतील आयुष्यांची तुलना शक्य झाली. त्यांच्यानंतर आलेले डॉ. रॉबर्ट वॉल्डिंगर हे चौथे संचालक होत. मानसशास्त्रज्ञ मार्क शुल्झ त्यांचे सहसंचालक आहेत.

कार्यपद्धती

सहभागी व्यक्तींना साधारणपणे दर दोन वर्षांनी प्रश्नावली पाठवली जाई. तिच्यात नोकरी, विवाह, मुले, मैत्री, सवयी, चिंता आणि समाधान यांविषयी प्रश्न असत. ठरावीक वर्षांनी त्यांच्या डॉक्टरांकडून आरोग्याची कागदपत्रे मागवली जात. प्रत्यक्ष मुलाखतीही अधूनमधून होत. व्यक्ती स्वतःविषयी काय सांगते यावरच विसंबून न राहता वैद्यकीय नोंदींशी त्याचा ताळा घेतला जाई, हे या पद्धतीचे बलस्थान मानले जाते.

नव्या साधनांची भर वेळोवेळी पडत गेली. रक्तचाचण्या, जनुकीय तपासणी, मेंदूची प्रतिमाचित्रे, पतिपत्नींच्या संभाषणाचे चित्रीकरण यांचा अलीकडच्या काळात समावेश झाला. पत्नींना अभ्यासात रीतसर सहभागी करून घेण्यास मात्र वॉल्डिंगर यांच्या काळापर्यंत वाट पाहावी लागली. मूळ सहभागींच्या १,३०० हून अधिक मुलामुलींचा अभ्यास दुसऱ्या पिढीचा अभ्यास म्हणून करण्यात येत आहे. २०१५ च्या सुमारास मूळ ७२४ पुरुषांपैकी सुमारे ६० जण हयात होते आणि त्यांपैकी बहुतेकांनी वयाची नव्वदी ओलांडली होती.

प्रमुख निष्कर्ष

नातेसंबंध आणि आरोग्य

सहभागी पुरुष ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर संशोधकांनी त्यांच्या पन्नाशीच्या नोंदींकडे मागे वळून पाहिले. कोणाचे वार्धक्य निरोगी आणि समाधानी जाईल, याचा अंदाज पन्नाशीतील कोणत्या गोष्टीवरून बांधता आला असता, हा त्यांचा प्रश्न होता. रक्तातील कोलेस्टेरॉलच्या पातळीपेक्षा नातेसंबंधांतील समाधान हे अधिक विश्वसनीय गमक ठरले. पन्नाशीत आपल्या माणसांसोबत समाधानी असलेले पुरुष ऐंशीत अधिक निरोगी आढळले.

ऐंशीच्या घरातील ४७ जोडप्यांच्या एका पाहणीत सलग आठ दिवस रोज दूरध्वनीवरून विचारपूस करण्यात आली. ज्यांचे सहजीवन समाधानाचे होते, त्यांच्या बाबतीत शारीरिक वेदना वाढलेल्या दिवशीही मनःस्थिती फारशी ढासळत नव्हती. ज्यांच्या सहजीवनात समाधान नव्हते, त्यांना शरीराच्या दुखण्याबरोबर मनाचे दुखणेही सोसावे लागत होते. वेदना दोघांनाही होती. तिचा मनावर पडणारा भार मात्र सारखा नव्हता.

प्रसंगी जोडीदार आपल्या पाठीशी उभा राहील, असा भरवसा असण्याचा वार्धक्यातील स्मरणशक्तीशीही संबंध दिसून आला. अशा जोडप्यांमध्ये रोजचे खटके उडत नसत असे नव्हे. किरकोळ वाद होत असले तरी मूळ भरवसा शाबूत असेल, तर त्या वादांचा स्मरणशक्तीवर अनिष्ट परिणाम आढळला नाही.

संख्या आणि प्रत

माणसाची किती जणांशी ओळख आहे किंवा तो विवाहित आहे की नाही, एवढ्यावरून त्याच्या सुखाचा अंदाज येत नाही, असे संशोधकांचे प्रतिपादन आहे. नात्याची प्रत महत्त्वाची ठरते. जिव्हाळ्याविना सतत कलहात जाणारे वैवाहिक जीवन आरोग्यास अतिशय हानिकारक असते. कदाचित विभक्त होण्यापेक्षाही ते अधिक हानिकारक ठरते, असे वॉल्डिंगर यांनी म्हटले आहे.

या संदर्भात मराठीतील तीन शब्दांमधील भेद उपयोगी पडतो. एकांत हा बहुधा स्वेच्छेने पत्करलेला असतो आणि तो सुखदही असू शकतो. एकटेपण ही बाह्य परिस्थिती आहे. एकटी राहणारी व्यक्ती दुःखी असतेच असे नाही. एकाकीपण ही मात्र अंतर्यामीची अवस्था आहे. हव्या असलेल्या आणि प्रत्यक्षात लाभलेल्या नात्यांतील अंतर म्हणजे एकाकीपण. भरल्या घरात, सुखवस्तू संसारातही ते असू शकते. अभ्यासात आरोग्याच्या घसरणीशी संबंध आढळला तो या तिसऱ्या अवस्थेचा.

बालपणाचा ठसा

प्रेमळ घरात वाढलेल्या पुरुषांना मध्यम वयात भावनांचे नियमन अधिक चांगल्या रीतीने करता येत होते आणि वार्धक्यात जोडीदाराशी त्यांचे नाते अधिक सुरक्षित असल्याचे आढळले. बालपणीची नोंद आणि वार्धक्यातील निरीक्षण यांच्यामध्ये सहा दशकांहून अधिक अंतर असूनही हा संबंध दिसून आला. भावंडांमधील जवळीकही महत्त्वाची ठरली. ग्रँट गटातील जे पुरुष पासष्टाव्या वर्षी सुस्थितीत होते, त्यांच्यापैकी ९३ टक्के पुरुषांची लहानपणी एखाद्या भावाशी किंवा बहिणीशी जवळीक होती.

शिक्षण, मद्यपान आणि सवयी

नातेसंबंध हा एकमेव निर्णायक घटक आहे, असे अभ्यास सांगत नाही. धूम्रपान न करणे, मद्यपानाचा अतिरेक टाळणे, काही प्रमाणात व्यायाम, प्रमाणशीर वजन, शिक्षण, स्थिर वैवाहिक जीवन आणि संकटांना परिपक्वतेने तोंड देण्याची वृत्ती हे घटक पन्नाशीत ज्यांच्या ठायी होते, त्यांचे वार्धक्य अधिक चांगले गेले. मद्यासक्ती आणि संसारातील बिघाड यांचा परस्परसंबंध व्हॅलियंट यांनी विशेषत्वाने तपासला. कलहामुळे माणूस दारूकडे वळतो, हा रूढ समज त्यांना अनेकदा उलटा आढळला: पुष्कळ संसारांत दारू आधी आली होती आणि कलह नंतर. ग्रँट गटातील घटस्फोटांमागे मद्यासक्ती हे सर्वांत मोठे कारण असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला.

दोन्ही गटांच्या तुलनेतून सामाजिक विषमतेचेही चित्र स्पष्ट झाले. गरीब वस्त्यांत वाढलेल्या पुरुषांची सत्तरीतील प्रकृती हार्वर्डच्या पुरुषांच्या ऐंशीतील प्रकृतीएवढी खालावलेली होती. म्हणजे वार्धक्य त्यांच्या दारी सुमारे दहा वर्षे आधी आले होते. मात्र याच वस्त्यांतील ज्या मुलांनी महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण केले, त्यांची सत्तरीतील प्रकृती त्याच वयाच्या हार्वर्डच्या पुरुषांइतकीच चांगली होती. त्यांचे महाविद्यालय नामांकित नव्हते आणि लहानपणीची गरिबीही तीच होती. शिक्षणाने पडलेला हा फरक अभ्यासातील महत्त्वाच्या निष्कर्षांपैकी एक असला, तरी त्याची चर्चा तुलनेने कमी होते.

संरक्षण यंत्रणा

दुःख, अपयश आणि चिंता यांना मन नकळत कोणत्या मार्गांनी तोंड देते, हा व्हॅलियंट यांच्या संशोधनाचा केंद्रविषय होता. मनोविश्लेषणात या मार्गांना संरक्षण यंत्रणा म्हणतात. आपला दोष दुसऱ्यावर ढकलणे किंवा कल्पनाविश्वात रमणे या अपरिपक्व यंत्रणा होत. विनोद, परोपकार, पुढील संकटाची आधीच मानसिक तयारी, तीव्र भावना योग्य वेळेपर्यंत आवरून धरणे आणि उदात्तीकरण यांना त्यांनी परिपक्व यंत्रणा मानले. नातेसंबंधांशी त्यांचा निकटचा संबंध आहे. दोषारोप करणाऱ्यापासून माणसे दुरावतात. स्वतःवर हसू शकणाऱ्याकडे ती ओढली जातात. वय वाढते तशा अनेकांच्या यंत्रणा अधिक परिपक्व होत जातात, असे त्यांना आढळले.

बदलाची शक्यता

तरुणपणीच्या अवस्थेवरून संपूर्ण आयुष्याचा निवाडा करता येत नाही, हे काही सहभागींच्या जीवनक्रमावरून दिसून आले. व्हॅलियंट यांनी टोपणनावाने वर्णन केलेल्या एका पुरुषाचे बालपण मायेला पारखे झालेले होते. विद्यार्थिदशेत तो सतत आजारपणाच्या तक्रारी करी आणि संशोधकांनी त्याच्या भवितव्याविषयी प्रतिकूल मत नोंदवले होते. वैद्यकीय शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याने आत्महत्येचा प्रयत्नही केला. पस्तिसाव्या वर्षी क्षयरोगामुळे त्याला १४ महिने रुग्णालयात राहावे लागले. तेथे लाभलेली शुश्रूषा हा त्याच्या आयुष्यातील वळणबिंदू ठरला. त्यानंतर तो यशस्वी डॉक्टर, पती आणि पिता झाला. वयाच्या ८२ व्या वर्षी मृत्यू आला तेव्हा त्याच्यामागे आप्तमित्रांचा मोठा परिवार होता.

प्रेम स्वीकारण्यातील अडचण

प्रेम मिळणे आणि ते स्वीकारता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याकडेही व्हॅलियंट यांनी लक्ष वेधले. त्यांनी सांगितलेले एक उदाहरण बरेच उद्धृत केले जाते. एका डॉक्टरांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांच्या पत्नीने जुन्या रुग्णांना गुपचूप कळवून कृतज्ञतेची पत्रे मागवली. सुमारे शंभर पत्रे आली. पत्नीने ती रेशमी कापडाने मढवलेल्या पेटीत घालून पतीला भेट दिली. आठ वर्षांनी व्हॅलियंट मुलाखतीसाठी गेले, तेव्हा त्या डॉक्टरांनी ती पेटी अभिमानाने फडताळातून खाली काढली. मग त्यांना रडू कोसळले. त्यांनी त्यांतील एकही पत्र वाचलेले नव्हते.

कारणमीमांसा

मनातील जिव्हाळ्याचा शरीरावर परिणाम कसा होतो, या प्रश्नाचे अंतिम उत्तर मिळालेले नाही. वॉल्डिंगर आणि शुल्झ यांनी ताणाच्या नियमनाचे गृहीतक मांडले आहे. संकटाच्या वेळी शरीर लढण्यास किंवा पळण्यास सज्ज होते: हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, ताणसंप्रेरके स्रवू लागतात. संकट टळले की शरीर पूर्ववत व्हावे, ही निसर्गाची योजना आहे. घरी आल्यावर कोणापाशी तरी मन मोकळे करता आले, तर हा ताण लवकर ओसरतो. ऐकून घेणारे कोणीच नसेल, तर शरीर दीर्घकाळ सज्जतेच्याच अवस्थेत राहते, आणि त्यातून दाह वाढून हृदयासह अन्य अवयवांची झीज होत असावी, असे या गृहीतकाचे स्वरूप आहे.

याखेरीज काही साधी व्यावहारिक कारणेही संभवतात. औषधाची आठवण करणारे, डॉक्टरकडे नेणारे, व्यसनापासून परावृत्त करणारे आणि प्रसंगी पैशाची मदत करणारे माणूस जवळ असणे आरोग्यास उपकारक असते.

अन्य संशोधनाशी तुलना

कॅलिफोर्नियातील अल्मेडा परगण्यात सुमारे सात हजार प्रौढांचा नऊ वर्षे मागोवा घेण्यात आला. लिसा बर्कमन आणि लेनर्ड साइम यांनी १९७९ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. ज्यांचे सामाजिक संबंध अत्यल्प होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण भरपूर संबंध असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक होते. या अभ्यासात पुरुषांबरोबर स्त्रियांचाही समावेश असल्यामुळे तो विशेष महत्त्वाचा आहे.

ज्युलियन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांत एकूण तीन लाख आठ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती होती. सुदृढ सामाजिक संबंध असलेल्यांची जगण्याची शक्यता ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

एड डीनर आणि मार्टिन सेलिग्मन यांनी २००२ मध्ये २२२ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या पाहणीत सर्वांत सुखी अशा दहा टक्के विद्यार्थ्यांचा वेगळा विचार केला. त्या सर्वांचे सामाजिक संबंध समृद्ध होते. पण असे संबंध असलेले सगळेच विद्यार्थी अतिशय सुखी नव्हते. यावरून चांगले संबंध ही सुखासाठी आवश्यक बाब दिसते, पण ती पुरेशी नाही, असे संशोधकांनी सुचवले.

मर्यादा व टीका

अभ्यासावरील प्रमुख आक्षेप त्यातील व्यक्तींच्या निवडीविषयी आहे. मूळ सहभागी एकाच देशातील, जवळजवळ एकाच शहरातील, एकाच पिढीचे गौरवर्णीय पुरुष होते. स्त्रियांचे सुख नातेसंबंधांशी कोणत्या प्रकारे जोडलेले असते, घर आणि नाती सांभाळण्याचे श्रम कोणाच्या वाट्याला येतात, या प्रश्नांची उत्तरे त्या नोंदींतून मिळत नाहीत. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी व्हॅलियंट यांनी मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांच्या जुन्या अभ्यासातील स्त्रियांच्या एका गटाची माहिती तुलनेसाठी वापरली होती.

दुसरा आक्षेप कार्यकारणभावाविषयी आहे. दोन गोष्टी एकत्र आढळणे, म्हणजेच त्यांच्यात सहसंबंध असणे, हे एकीमुळे दुसरी घडते याचा पुरावा नव्हे. चांगल्या नात्यांमुळे प्रकृती चांगली राहत असेल, तसेच चांगल्या प्रकृतीमुळे माणसांत मिसळणे आणि नाती जपणे सोपेही जात असेल. दोहोंमागे स्वभाव, अनुवंश किंवा आर्थिक स्थैर्य असे तिसरेच कारणही असू शकते. माणसांना प्रयोगासाठी प्रेमळ किंवा प्रेमहीन घरांत वाटून देणे शक्य नाही आणि उचितही नाही. त्यामुळे या क्षेत्रातील पुरावा बहुतांशी निरीक्षणांवर आधारलेला राहतो. अनेक वर्षांपूर्वीची नोंद आणि नंतरचा परिणाम यांचा क्रम ठाऊक असल्यामुळे दीर्घकालीन अभ्यासातील निष्कर्षांना अधिक वजन प्राप्त होते, तथापि शंका पूर्णपणे दूर होत नाही.

‘जिव्हाळा’ किंवा ‘परिपक्वता’ यांसारख्या गोष्टी मोजताना संशोधकांच्या मतांचा आणि काळाच्या मूल्यांचा प्रभाव पडतो, असाही आक्षेप घेतला जातो. शिवाय निष्कर्षांचा सरधोपट प्रचार झाल्यास एकाकी व्यक्तीलाच तिच्या दुःखासाठी जबाबदार धरले जाण्याचा धोका असतो. वैधव्य, आजारपण, स्थलांतर, दारिद्र्य किंवा सामाजिक बहिष्कार यांमुळे येणारे एकाकीपण केवळ व्यक्तीच्या प्रयत्नाने दूर होणारे नसते. ग्लूक गटाच्या नोंदी वाचताना ही बाब विशेषत्वाने ध्यानात घ्यावी लागते.

भारतातील संबंधित अभ्यास

भारतातील वृद्धत्वाविषयीचा ‘लाँगिट्यूडिनल एजिंग स्टडी इन इंडिया’ (लासी) हा मोठा अनुदैर्घ्य अभ्यास मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेमार्फत चालवला जातो. हार्वर्ड विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य महाविद्यालय त्यात सहयोगी आहे; मात्र हा अभ्यास प्रौढ विकास अभ्यासापासून स्वतंत्र आहे. त्याच्या २०१७-१८ मधील पहिल्या फेरीत ४५ वर्षे व त्यावरील वयाच्या ७२ हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांची पाहणी करण्यात आली. आरोग्य आणि आर्थिक स्थितीबरोबरच कुटुंब, सामाजिक संबंध आणि जीवनातील समाधान यांविषयीही त्यात प्रश्न होते.

अमेरिकेतील निष्कर्ष भारतीय समाजाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. हार्वर्डच्या अभ्यासात पतिपत्नीचे नाते केंद्रस्थानी आहे. भारतात सून, नातवंडे, भावकी आणि शेजार यांच्याशी असलेले संबंधही वृद्धांच्या सुखदुःखात मोठा वाटा उचलतात. त्याच माणसांच्या पुनःपुन्हा झालेल्या पाहणीतूनच या संबंधांचा परिणाम समजू शकेल.

प्रभाव

व्हॅलियंट यांनी ‘अ‍ॅडॅप्टेशन टू लाइफ’ (१९७७), ‘एजिंग वेल’ (२००२) आणि ‘ट्रायम्फ्स ऑफ एक्सपीरियन्स’ (२०१२) या ग्रंथांतून अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. २००९ मध्ये ‘द अटलांटिक’ या मासिकात जोशुआ वुल्फ शेंक यांचा प्रदीर्घ लेख प्रसिद्ध झाल्यावर सर्वसामान्य वाचकांचे लक्ष अभ्यासाकडे वेधले गेले. सहभागी पुरुषांसाठीच्या २००८ मधील वार्तापत्रात, या माणसांकडून आपण काय शिकलात, या प्रश्नाला उत्तर देताना व्हॅलियंट यांनी इतर माणसांशी असलेले आपले संबंध हीच आयुष्यात खरोखर महत्त्वाची गोष्ट असल्याचे म्हटले होते. वॉल्डिंगर यांचे २०१५ मधील टेड व्याख्यान जगभर कोट्यवधी वेळा पाहिले गेले आहे. वॉल्डिंगर आणि शुल्झ यांचा ‘द गुड लाइफ’ हा ग्रंथ २०२३ मध्ये प्रकाशित झाला. शरीर सुदृढ राखण्यासाठी जसा नियमित व्यायाम लागतो, तशीच नात्यांचीही नियमित निगा राखावी लागते, अशी मांडणी त्यांनी त्यात केली आहे.

एकाकीपणा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, ही जाणीव याच काळात शासनस्तरावरही रुजू लागली. ब्रिटनने २०१८ मध्ये आणि जपानने २०२१ मध्ये या विषयाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपवली. अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल विवेक मूर्ती यांनी २०२३ मध्ये एकाकीपणाविषयी सूचनापत्रक प्रसृत केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सामाजिक संबंधांविषयी एक आयोग नेमला. मूळ सहभागी पुरुषांची पिढी आता जवळजवळ संपली असून, त्यांच्या मुलामुलींच्या नोंदींतून अभ्यास पुढे चालू आहे.